समुद्र पूर्वेला असताना

नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत हल्ली ईस्ट कोस्ट रोडवरच्या सुट्टीच्या घराचा विषय हमखास निघतो. मुट्टुकाडू ते महाबलीपुरम या पट्ट्यात एखादा भूखंड, समोर समुद्र आणि सुट्टीला जमलेली मुलेबाळे, हे स्वप्न कोणालाही मोहविणारेच आहे. मात्र ते पाहताना आपण मनात कोकणातले घर बांधत असतो, आणि गफलत तेथेच होते.

कोकणात समुद्र पश्चिमेला. उतरते ऊन आणि आषाढाचा पाऊस त्याच बाजूने अंगावर येतात. चेन्नईत सारे उलटे. येथे सूर्य समुद्रातून उगवतो, तिसऱ्या प्रहरी ऊन जमिनीच्या बाजूने भाजते आणि उन्हाळ्यात साधारण त्याच सुमारास समुद्रावरून वारा सुटतो. म्हणजे पूर्वेची पडवी दुपारनंतर सावलीतही असते आणि वाऱ्यातही! जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेला ढकलावी, त्या भिंतीला खिडक्या मोजक्याच ठेवाव्यात. वातानुकूलन यंत्राचे बरेचसे काम तेथेच हलके होते. मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि चक्रीवादळांचा धोकाही त्याच दिवसांतला. डिसेंबर २०१६ मधील ‘वरदा’ वादळ ज्यांनी अनुभवले, ते नुसती रचून ठेवलेली कौले पुन्हा घालणार नाहीत.

आधुनिक घर म्हणजे समुद्राकडे काचेची अखंड भिंत, हा समज मला मुळीच पटत नाही. पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंड’ ही वास्तू पाहावी. अँटोनिन रेमंड यांनी १९३० च्या दशकात आखलेल्या या काँक्रीटच्या इमारतीत उत्तर-दक्षिण भिंतींच्या जागी उघडझाप करता येणाऱ्या झडपांच्या रांगा आहेत. वारा आत येतो, ऊन बाहेर राहते. आपल्याकडील काचेच्या बंगल्यांपेक्षा ती आजही अधिक आधुनिक वाटते.

खाऱ्या हवेचा हिशेब मात्र बहुतेकांच्या अंदाजपत्रकात नसतो. क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकाने किनारी हवेतील बांधकामासाठी सळईवर सर्वसाधारणपणे ४५ मिलिमीटरचे आच्छादन सांगितले आहे. ठेकेदार ‘चालते हो’ म्हणाला, तरी तेथे तडजोड करू नये.

खरा प्रश्न घर लाटेपासून किती दूर असावे, हा आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मज्जाव केला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करण्याचा मार्ग मोकळा केला. कायद्याने मिळालेली ही मुभा आपण वापरलीच पाहिजे असे थोडेच आहे? २६ डिसेंबर २००४ ची सुनामी याच किनाऱ्यावर येऊन गेली. वाळूची टेकाडे आणि त्यांवर पसरलेली वेल हा किनाऱ्याचा पहिला बांध. दर्शनी देखाव्यासाठी तोच सपाट करणे म्हणजे स्वतःच्या घराचे कुंपण मोडणे होय. जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे येथे अंडी घालतात आणि प्रखर दिव्यांनी पिल्ले वाट चुकतात, हेही ध्यानात असावे.

आणि पाणी! या वालुकामय पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. जलतरण तलावासाठी मोटर जोरात चालविली, की खारे पाणी वर सरकते. आपल्या विहिरीत आणि शेजारच्या कोळीवाड्याच्या विहिरीतही. वर्षातले तीसेक दिवस राहणाऱ्याने बारमाही राहणाऱ्यांचे पाणी बिघडवावे, हे मला योग्य वाटत नाही. तमिळनाडूत पर्जन्यजल संधारण २००३ पासून सक्तीचे आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय आटले, तेव्हा त्याचे मोल पुन्हा कळले.

आमच्या भावंडांत याच विषयावर दोन दिवाळ्या वाद झाला. धाकट्याला लाटांचा आवाज खाटेवरून ऐकू यायला हवा होता. अखेर टेकाडामागचा, रस्त्यालगतचा लहान भूखंड पाहून ठेवला आहे. तेथून समुद्र दिसत नाही, चालत सात मिनिटे लागतात. दर कमी असल्याने उरणाऱ्या पैशांत पावसाच्या पाण्याची मोठी टाकी होईल. तलाव आम्ही नकाशातून काढून टाकला; धाकटा अजून थोडा रुसलेला आहे.