वास काढून घेतलेला ब्रह्मदेश

आमच्या सुशिक्षित कुटुंबांना सध्यां परदेशी पदार्थांचा जो नाद लागला आहे, त्याविरुद्ध लिहिण्याचा माझा मुळींच विचार नव्हता. मनुष्यानें आपल्या ताटापलीकडे पाहावें, यांत वाईट तें काय? चार दिवस पिठलें-भात खाऊन पांचव्या दिवशीं चिनी शेवयांवर ताव मारणाऱ्या तरुणाला धर्मबुडवा म्हणण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हें बरेंच झालें. परंतु गेल्या महिन्यांत मुलाच्या आग्रहावरून आम्ही घरचीं पांच माणसें माजिवड्याहून निघालों, द्रुतगति मार्गावर वाहनांच्या रांगेंत दीड तास काढला, आणि मुंबईच्या एका ब्रह्मी उपाहारगृहांत जेवून आलों. पोट भरलें; मन मात्र बिघडलें. त्या उपाहारगृहाचें नांव मी घेत नाहीं. कारण दोष एका दुकानाचा नाहीं, गिऱ्हाइकांचा आहे, आणि त्या गिऱ्हाइकांत मीही बसलों होतों.

जागा देखणी होती. छताला रंगीत छत्र्या टांगलेल्या, टेबलांवर लाखकामाचीं तबकें, आणि पदार्थांच्या यादीच्या पहिल्याच पानावर ब्रह्मी संस्कृतीविषयीं दोन परिच्छेद. सर्व पदार्थ अस्सल असल्याची ग्वाहीही तेथेंच छापलेली. मीं मोहिंगा मागविला. मोहिंगा ही ब्रह्मदेशाची सकाळची न्याहारी. रंगूनच्या रस्त्यांवर हमालापासून हुद्देदारापर्यंत सारे ती खातात. तांदुळाच्या शेवया, त्यांवर मागुरासारख्या माशाचा दाट रस्सा. रश्शांत गवती चहा, आलें, लसूण आणि केळीच्या खुंटाचा गाभा. आणि दाटपणासाठीं हरभऱ्याचें पीठ किंवा भाजलेल्या तांदुळाची पूड. ब्रह्मी स्वयंपाकाच्या पाठीशीं बहुधा नापी उभी असते. नापी म्हणजे मीठ घालून आंबविलेल्या मासळीचा किंवा कोळंबीचा गोळा. तिचा वास उग्र असतो, आणि त्या वासावांचून ब्रह्मी गृहिणीला चूल पेटल्यासारखें वाटत नसावें.

माझ्यापुढें आलेला मोहिंगा रुचकर होता. त्यांत मासा नव्हता. मी जन्मानें व सवयीनें शाकाहारी आहें. म्हणून तो मला खातां आला, आणि मला खातां आला हेंच त्याचें वैगुण्य होतें. वाढणाऱ्या मुलाला मीं विचारलें, “बाळ, तुमच्या कोणत्याच पदार्थांत नापी नसते का?” तो नम्रपणें म्हणाला, “नाहीं काका, वास येईल असें इथें कांहींच नसतें.” शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनीं समाधानानें मान हलविली. खरें सांगावयाचें तर मीही हलविली.

शाकाहाराचा कोणी कैवारी माझ्यावर धावून येण्यापूर्वींच सांगून टाकतों, कीं माझें भांडण शाकाहाराशीं नाहीं. ब्रह्मदेशाला स्वतःचें निरामिष अन्न आहे आणि तें फार चांगलें आहे. बौद्ध वर्षावासाच्या तीन महिन्यांत, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या सुमारास, तेथील कित्येक लोक मांसाशन सोडतात. शान लोकांचा टोफू सोयाबीनचा नसून हरभऱ्याच्या पिठाचा असतो: पीठ पाण्यांत घोटून शिजवावें, ओतून गार करावें आणि वड्या कापाव्या. ज्यानें घरीं पाटवडी खाल्ली आहे, त्याला तो परका वाटणार नाहीं. आंबविलेल्या चहाच्या पानांची त्यांची कोशिंबीर तर मी पुन्हां खावयास जाईन. तीही तेथें सुकी कोळंबी घालून खाण्याचा प्रघात आहे, पण तिच्यावांचून तिचें फारसें अडत नाहीं. हें आमचें अर्धेंच ताट आहे, असें कोणी प्रामाणिकपणें लिहिलें, तर मी त्याला हात जोडीन. परंतु अर्धें काढून घ्यावयाचें आणि उरलेल्यास अस्सल म्हणावयाचें, ही लबाडी आहे. आणि ती चालते, कारण आम्हांला तीच हवी असते.

संस्कृतीविषयींच्या त्या दोन परिच्छेदांतूनही असाच कांटा काढलेला होता. पॅगोडे होते, हसरे लोक होते, इरावतीवरचा सूर्यास्त होता. वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटावें, कीं हा दूरचा गूढ देश आज आपणांस प्रथमच भेटत आहे! बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही इंग्रज व्यापाऱ्यांची कंपनी १८६३ सालीं मुंबईंत स्थापन झाली. ती ब्रह्मदेशाच्या जंगलांतला साग तोडून नेत असे. नेलेल्या लांकडाचा हिशेब खोटा दाखविल्याच्या आरोपावरून मंडालेच्या दरबारानें १८८५ सालीं तिला जबर दंड ठोठावला. तें निमित्त साधून इंग्रजांनीं त्याच वर्षीं स्वारी केली आणि थिबा राजाला पकडून पुढल्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. तेथेंच तो १९१६ सालीं वारला. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू रत्नागिरींतच वाढली, मराठी बोलली, आणि गरिबींत तेथेंच संपली. इकडे रत्नागिरींत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते आणि तेथें गीतारहस्य लिहीत होते. त्यांचा राजा आमच्या गांवीं बंदी, आमचा पुढारी त्यांच्या राजधानींत बंदी! दोन लोकांची ओळख व्हावयास याहून अधिक काय घडावयास पाहिजे?

आणि अन्नाची गोष्ट तर निराळीच. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तांदूळ बाहेर धाडण्यांत ब्रह्मदेश जगांत पहिला होता, आणि रंगूनचा तांदूळ मुंबईच्या बाजारांत येत असे. १९४२ च्या मार्चांत रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि तो ओघ बंद झाला. त्याच वर्षीं लक्षावधि हिंदी माणसें डोंगरांतून, चिखलांतून पायीं आसाम-मणिपुराकडे निघालीं. हजारों वाटेंतच मेलीं. पुढें १९६२ नंतरच्या लष्करी राजवटींत उरलेल्यांतले पुष्कळ परतले. चेन्नईच्या बर्मा बाजारालगत गाडीवर ‘अथो’ नांवाच्या शेवया मिळतात, त्या या परत आलेल्या लोकांनीं पोट भरण्यासाठीं आणल्या. त्या खाण्याला माणसांचा वास आहे. आजसुद्धां आमच्या वरणांतली तूर आणि इडलीचा उडीद यांचा कांहीं वांटा ब्रह्मदेशाहून येतो. २०२१ सालीं हिंदुस्थान सरकारनें दरवर्षीं अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तेथून आणण्याचा करार केला. त्याच वर्षींच्या १ फेब्रुवारीस तेथील लष्करानें निवडलेलें सरकार उलथून टाकलें आणि देश यादवींत लोटला गेला. म्हणजे रोज दुपारीं आपण ब्रह्मदेश जेवतोंच. फक्त त्याला छत्री टांगलेली नसते.

उपाहारगृह म्हणजे कांहीं इतिहासाची शाळा नव्हे, असें माझा मुलगा परततांना म्हणाला. “बाबा, जेवायला गेलों होतों आपण, परीक्षेला नाहीं.” त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. भुकेल्या माणसापुढें सनावळी कोणी वाढावी? पण ज्याला शाळा व्हावयाचें नाहीं, त्यानें पहिल्या पानावर धडा तरी कां छापावा? आणि मूळ प्रश्न सनावळीचा नाहींच. परक्याचें अन्न आम्हांला हवें, पण त्यांतलें जें आम्हांस नकोसें वाटतें तें आधीं कोणीतरी दृष्टीआड करून ठेविलेलें हवें. ही खोड परदेशापुरती राहती, तर मी हा लेख लिहिला नसता.

माजिवडा हें आज उड्डाणपुलांचें आणि मनोऱ्यांचें ठिकाण आहे. नाशिकचा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता येथें फुटतात, आणि ठाण्याबाहेरच्या माणसाला हें नांव रहदारीच्या कोंडीमुळेंच माहीत असतें. परंतु पुलाखालून आंत वळलें कीं जुनें गावठाण अजून आहे. आगरी लोकांचें गांव. मिठागरें आणि भातशेती हा या जातीचा पिढीजात उद्योग. त्यांच्या घरीं जवळा, सुकट, सोडे, सुके बोंबील हें पावसाळ्याचें साठवण असतें. मीठ आणि मासळी आणि ऊन: नापीची गोष्ट याहून फारशी वेगळी नाहीं. पूर्वीं जेथें भात पिकत असे, तेथें आतां आमच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्याच एका घरांत गावठाणांतलें एक कुटुंब भाड्यानें राहावयास आलें आहे. सासूबाई सत्तरीच्या आहेत. गेल्या श्रावणाच्या आधीं त्यांनीं जवळा भाजला. जिन्यांत वास आला. दुसऱ्या दिवशीं गृहसंस्थेंत तक्रारअर्ज फिरला: सुक्या मासळीच्या वासानें रहिवाशांस त्रास होतो, सबब संबंधितांस समज द्यावी. एकवीस सह्या झाल्या.

अकरावी सही माझी आहे. मीं ती विचार न करतां केली असें म्हणावयास मला आवडलें असतें. पण मीं अर्ज दोनदां वाचला होता आणि एक शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त केली होती. त्या कुटुंबानें नंतर कांहीं म्हटलें नाहीं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तेव्हांपासून बंद असते, आणि त्या काकी आतां जवळा भाजावयाचा झाला कीं पिशवी घेऊन गावठाणांत दिराच्या घरीं जातात. लिफ्टमध्यें भेटल्या कीं पिशवी पाठीमागें धरतात.

मुंबईच्या त्या टेबलावर आम्हां पांच जणांचें बिल चार हजारांच्या घरांत गेलें. दुसऱ्याच्या अन्नाविषयीं आपण किती उदार आहों, हें मनाशीं म्हणण्याची ती किंमत होती.

सही मागें घेत असल्याचा अर्ज मीं गृहसंस्थेच्या चिटणिसांकडे दिला आहे. असा अर्ज करतां येतो कीं नाहीं, याविषयीं नियमांत कांहीं सांपडत नाहीं, असें ते म्हणाले. तथापि येत्या रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेंत त्यांनीं तो पाण्याच्या टांकीच्या दुरुस्तीनंतर घातला आहे.