ग्राहकविचार : हमीपत्र आणि भरवसा

वस्तू विकत घेताना तिचे हमीपत्र पाहण्याची सवय आपल्या घरोघरी आहे. परंतु हमीपत्र म्हणजे वस्तूचा भरवसा नव्हे, हा विवेक पुष्कळदा सुटतो. याचे बोलके उदाहरण म्हणून रायफलीवरील दुर्बीण आम्ही या वेळी निवडली आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकार बंद आहे; अमेरिकेत मात्र हरणांची शिकार परवान्याने चालते, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांपैकी एखाद्यास असा छंद जडणे अशक्य नाही.

तेथील ल्यूपोल्ड व व्होर्टेक्स या कंपन्या आपल्या दुर्बिणींना आजन्म हमी देतात. खरेदीची पावती मागत नाहीत. दुर्बीण दुसऱ्याकडून घेतलेली असली तरी चालते. हे औदार्य खरेच. तथापि हरवणे, चोरी आणि हेतुपुरस्सर मोडतोड यांना व्होर्टेक्सची हमी लागू नाही. ल्यूपोल्डच्या विजेवर चालणाऱ्या भागांची मुदतही मर्यादित आहे. शिवाय कंपनीने तो व्यवसायच सोडला तर? निकॉनने २०२० च्या सुमारास रायफलीच्या दुर्बिणींचा व्यवसाय थांबविला. अशा वेळी हमी पाळली गेली तरी तोच नग पुन्हा मिळेल, असे धरून चालता येत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, हमी वस्तू बदलून देते. हुकलेली वेळ परत देत नाही. गोळीच्या धक्क्याने आतील फुली सरकली, अथवा सांध्यातून नायट्रोजन निसटून काच आतून धुकटली, तर नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन रानात तळमळत राहते. त्याची भरपाई कोणत्या हमीपत्रात आहे?

म्हणून परीक्षा आधीच घ्यावी. पाव मिनिटाच्या खटक्याची दुर्बीण असल्यास १०० यार्डांवर दर खटक्यास नेम सुमारे पाव इंच सरकतो. चांदमारीच्या मैदानात स्थिर टेकूवरून एक गोळी झाडावी. मग अनुक्रमे वर, उजवीकडे, खाली व डावीकडे २०-२० खटके फिरवून दर वेळी एकेक झाडावी. सुमारे पाच इंचांचा चौकोन उमटून शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी बसली, तर यंत्र विश्वासू समजावे.

एक सावधगिरीची सूचना. अशी दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाखाली येते. परवान्याची चौकशी केल्याविना ती मायदेशी आणू नये.

हमीपत्र अवश्य घ्यावे. पण ते कपाटात पडूनच राहील, अशी वस्तू निवडावी.