सोपे नको, कठीण रसायनशास्त्रच हवे!

"आपल्या मुलांना सायन्स झेपत नाही, आर्ट्सला टाका." हा सल्ला वस्तीतल्या प्रत्येक घराने ऐकलेला आहे. त्यावर आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, कठीण अभ्यासक्रम हीच उच्चवर्णीयांची चाल आहे, तो सोपा करा. मित्रांनो, मला हे उत्तर मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी अमेरिकेतल्या एका लढ्याकडे बघू.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र शिकता येते. त्या अभ्यासक्रमाचे नाव ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, थोडक्यात एपी केमिस्ट्री. त्यात रासायनिक समतोल, अभिक्रियेचा वेग, उष्मागतिकी आणि विद्युत रसायन येते. मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा होते आणि १ ते ५ अशी श्रेणी मिळते. चांगली श्रेणी आली की बरीच विद्यापीठे तो विषय झाला असे धरतात, म्हणजे तेवढी फी आणि वेळ वाचतो. शिवाय हे शिक्षण पाठांतराचे नाही. वर्गाचा किमान पाव वेळ प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि निदान १६ प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने केले पाहिजेत, अशी अट आहे.

आता जन्मकुंडली बघा. ही कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नामवंत खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या विचारविनिमयातून पुढे आली. १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था ती चालवू लागली. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा. म्हणजे एका बाजूला शाळेचे दार कायद्याने उघडत होते आणि त्याच काळात आतमध्ये एक वेगळी खोली बांधली जात होती.

त्या खोलीच्या दारावर पहिली मोठी कायदेशीर धडक बसली १९९९ मध्ये, कॅलिफोर्नियात. इंगलवुड हायस्कूलमध्ये बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. तिथे एपीचे फक्त तीन विषय होते, त्यांत गणित नाही की विज्ञान नाही. जवळच्या श्रीमंत बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत चौदा विषय. एपीच्या वर्गात 'ए' मिळाला तर प्रवेशासाठी चारऐवजी पाच गुण धरले जात. म्हणजे इंगलवुडच्या मुलीने सगळ्या विषयांत पहिला नंबर काढला तरी ती मागेच राहणार, कारण पाचवा गुण तिच्या शाळेत शिकवलाच जात नव्हता! विद्यार्थ्यांनी थेट राज्य सरकारवर खटला भरला. नंतर सरकारला असे वर्ग वाढवण्यासाठी शाळांना अनुदान देणारी योजना आणावी लागली.

या मुलांनी काय मागितले, ते लक्षात घ्या. एपी बंद करा असे ते म्हणाले नाहीत, सोपा पेपर द्या असेही म्हणाले नाहीत. तुमच्या मुलांना जे कठीण शिकवता तेच आम्हाला शिकवा, एवढीच त्यांची मागणी होती. याउलट २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ महागड्या खासगी शाळांनी एपी सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांना ते परवडते. ज्याच्या शाळेचे नावच प्रमाणपत्र आहे, तो प्रमाणपत्राचा त्याग करू शकतो. आपण त्याची नक्कल केली तर आपल्या हाती काय उरेल?

आता महाराष्ट्रात या. आपल्याकडे हे रसायनशास्त्र वेगळ्या खोलीत नाही. समतोल, विद्युत रसायन, अभिक्रियेचा वेग हे सगळे अकरावी-बारावीच्या पुस्तकात प्रत्येक सायन्सच्या मुलाला आहे. बारावीला ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. कागदावर समता पूर्ण आहे. पण आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी मला सांगत होती, "दादा, टायट्रेशनमध्ये शेवटी फिकट गुलाबी रंग येतो, हे पाठ आहे. पण ब्युरेट कधी हातात घेतली नाही." तिचे जर्नल मात्र पूर्ण होते. मागच्या वर्षीच्या मुलीचे बघून उतरवलेले, आकड्यासकट. दहावीपर्यंत मराठीत 'आम्ल' आणि 'आम्लारी' शिकलेल्या त्या मुलीसमोर अकरावीत अचानक सगळे इंग्रजीत आले. त्याच वेळी पैसेवाल्याचा मुलगा आठवीपासून फाउंडेशनला जातो आणि अकरावीत इंटिग्रेटेड कॉलेजात नावापुरती हजेरी लावून क्लासमध्ये बसतो. मग निकाल लागला की एकाला गुणवत्ता म्हणतात आणि दुसरीला राखीव जागा.

बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे १९२३ मध्येच खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. तरी पाण्याला हात लागला तो १९२७ मध्ये, बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. कुलूप लावलेली प्रयोगशाळा हे आजचे तसेच तळे आहे. ठराव झालेला आहे, चालत जाणे बाकी आहे.

म्हणून पुतळे आणि जयंतीच्या बरोबरीने हेही काम हाती घ्या. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाबाबत माहिती अधिकारात विचारा: रसायनशास्त्राचे किती प्रयोग प्रत्यक्ष झाले? प्रयोगशाळा सहायकाचे पद भरले आहे का? साहित्याची शेवटची खरेदी कधी झाली? उत्तर घेऊन पालकांना सोबत नेऊन प्राचार्यांना भेटा. दहावीचा निकाल लागल्यावर विहारात महिनाभर मराठीतून इंग्रजीत नेणारा विज्ञानाचा वर्ग घ्या. समाजातल्या बीएस्सी, एमएस्सी झालेल्या मुलामुलींनी त्यासाठी रविवार द्यावा.

अभ्यासक्रम सोपा करा असे म्हणणारा आपला हितचिंतक असेलही, पण नकळत तो "झेपत नाही" म्हणणाऱ्याच्याच बाजूला जाऊन उभा राहतो. आपली मागणी एकच असावी: कठीण ते सगळे शिकवा, आणि ब्युरेट आमच्या मुलीच्या हातात द्या.

जय भीम!