विहीर वेगळी, समुद्र वेगळा

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्याकडची मंडळी घाट उतरून मालवण, तारकर्ली, देवबागकडे निघतात. हल्ली खोली घेण्याऐवजी किनाऱ्यालगत तंबूत राहण्याची हौसही वाढली आहे. डॉक्टर या नात्याने मला ही हौस मनापासून पसंत आहे. पहाटे ओल्या वाळूवर तासभर चालावे, मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे, कर्लीच्या खाडीत फेरी मारावी आणि रात्री टीव्हीशिवाय लवकर झोपावे. असे दोन दिवस शरीराला व मनाला चांगलेच मानवतात. मधुमेहींनी मात्र अनवाणी चालू नये. पायाला शिंपला कापला तरी त्यांना पुष्कळदा कळत नाही.

माझे सांगणे आहे ते पाण्यात उतरण्याविषयी. आपला तरुण विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेला असतो. तेवढ्या भरवशावर तो समुद्रात छातीभर पाण्यात शिरतो. पण विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी माणसाला ओढून नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठजण गेले. दोन्ही सहली घाटावरूनच आलेल्या होत्या.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पाण्यात केव्हा उतरायचे हे घरून निघण्यापूर्वीच ठरले पाहिजे. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी. पाणी ओसरत असताना आत जाऊ नये. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा तर पाय भिजवण्यावरच समाधान मानावे. देवबागला नदी समुद्राला मिळते तेथे ओढ फार, तेथे कधीच उतरू नये. हा हिशेब ढोबळ आहे. शेवटचा शब्द तिथल्या कोळी-गाबित बांधवांचा. त्यांनी नको म्हटले, की विषय संपला.

तरीही कोणी ओढीत सापडलाच, तर त्याने किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे. ते जमत नसेल तर उताणे तरंगत हात वर करावा. काठावरच्यांनी मागोमाग उड्या टाकू नयेत. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि मदतीला हाका माराव्यात.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल, तर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी तीस वेळा दाबावे, दोन श्वास द्यावेत, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

आणखी एक. रात्रीची शेकोटी वाळूने झाकू नका, पाण्याने विझवा. वाळूखालचे निखारे तासन्‌तास धगधगतात आणि सकाळी मुलांचे पाय भाजतात. दारू प्यालेल्याला तर पाण्याजवळही जाऊ देऊ नका.

तंबू ठरवताना आपण जेवणात मासे कोणते हे आधी विचारतो. त्याच फोनवर भरतीची वेळही विचारा. आणि सहलीतल्या एका मोठ्या माणसाला पाण्याबाहेर बसून फक्त माणसे मोजण्याचे काम द्या. शाळा-कॉलेजच्या सहलीला पाठवताना पालकांनी हे काम कोणाकडे आहे, हे नाव घेऊन विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर मुलाला पाठवू नये.