धूर आमचा, अभ्यास दुसऱ्यांच्या छातीचा

नंदुरबार जिल्ह्याला मोजायची देशाला भारी हौस. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं गेलं ते आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. त्यासाठी खुद्द पंतप्रधान आले होते. पुढे आम्ही ‘आकांक्षित जिल्हा’ झालो, म्हणजे आमचे आकडे नेमाने दिल्लीला जाऊ लागले. कुपोषणाचं तर विचारूच नका. पोरांची वजनं, उंची, दंडाचे घेर इतक्यांदा मापून झालेत की अंगणवाडीसमोर पांढरी गाडी थांबली की पोरं न सांगता सदऱ्याची बाही वर करतात. पण त्या पोराला कडेवर घेऊन आलेल्या आजीला दोन पायऱ्या चढताना एवढी धाप का लागते, हे विचारणारा साहेब मी अजून पाहिलेला नाही.

गावात तिच्या आजाराचं निदान केव्हाच झालेलं असतं. ‘दमा आहे तिला.’ विषय संपला. पुष्कळदा तो दमा नसतोच. दमा उसळतो, ओसरतो. हा दुसरा आजार मुक्कामालाच येतो. श्वासनळ्या कायमच्या आक्रसतात, फुप्फुसातली हवा बाहेर पडेनाशी होते, आणि माणूस आधी डोंगर सोडतो, मग शेत, मग अंगण, शेवटी खाट धरतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. २०१६ साली भारतात याचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८ मध्ये छापला. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो नीट वाचा. या आजाराने देशाचं जे आयुष्य खर्ची पडतं त्यातलं ५३.७ टक्के दूषित हवेच्या खाती जातं आणि तंबाखूच्या खाती २५.४ टक्के. दूषित हवेत घरातल्या चुलीचा धूरही आला.

आता या आजारावरची औषधं कोणाच्या छातीवर तपासली गेली ते बघू. ‘टॉर्च’ नावाची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, सहा हजारांवर रुग्ण. ‘अपलिफ्ट’ २००८ साली, तिथेही सहा हजारांच्या आसपास. अलीकडची ‘बोरियास’ २०२३ ची. तिच्यामुळे डुपिलुमॅब हे महागडं इंजेक्शन या आजारासाठी बाजारात आलं. तिन्हींच्या दारावर एकच पाटी होती: किमान १० पॅक-वर्षं धूम्रपान केलेलं असावं. रोज २० सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष भरतं. म्हणजे धडगावच्या ज्या म्हातारीने जन्मात विडी ओठाला लावली नाही, फक्त चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भाकरी थापल्या, ती दारातूनच परत. रुग्ण व्हायचीसुद्धा तिची पात्रता नाही.

कोणी म्हणेल, विज्ञानाला माहितीच नव्हतं हो. अजिबात पटायचं नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही. हे लिहिणारा माणूस महाराष्ट्रातला, पुराव्याला उभी असलेली माणसं सातपुड्यातली, आणि त्यानंतर चौदा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या दारावर पाटी तीच. ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने धुराच्या आणि प्रदूषणाच्या सीओपीडीला वेगळा प्रकार म्हणून कागदावर जागा दिली ती २०२३ च्या अहवालात. जागा मिळाली, औषधाचा पुरावा मात्र सिगारेटवाल्यांचाच राहिला.

‘फुप्फुस ते फुप्फुस, त्यात फरक काय?’ असं मला एका शहरी डॉक्टर मित्राने ऐकवलं होतं. फरक आहे. मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी लाकडाच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की त्यांचा आजार सिगारेटवाल्यांपेक्षा वेगळ्या वाटेने जातो. फुप्फुसाचा पोत कमी फाटतो, श्वासनळ्या जास्त जाड होतात, श्वासाची ताकद घटण्याचा वेगही वेगळा. मेक्सिकोला हे जमलं. तिथल्या बायका काही आमच्या बायकांपेक्षा श्रीमंत नव्हत्या.

औषधाचंही तेच. पंपातून स्टिरॉइड द्यायचं की नाही हे हल्ली रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजून ठरवतात. ३०० च्या वर गेल्या तर द्या, असा ढोबळ नियम. डुपिलुमॅबच्या चाचणीतही ३०० ची अट होती. अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या पोटात आकडेकृमी असले तर या पेशी जंतांनीच वाढतात. मग ३०० हा आकडा छातीबद्दल बोलतोय की आतड्याबद्दल? वर आमच्याकडे घराआड टीबीचा इतिहास. टीबी बरा होतो, फुप्फुसावर वण ठेवून जातो, आणि वण असलेल्या माणसाला बहुतेक चाचण्या ‘इतर फुप्फुसविकार’ म्हणून बाहेर बसवतात. स्टिरॉइडच्या पंपाने न्यूमोनिया वाढतो हे ‘टॉर्च’मध्येच दिसलं होतं. टीबीच्या प्रदेशात तो पंप किती जपून द्यावा, हा प्रश्न बोस्टनमध्ये बसून सुटणार नाही. तो तळोद्यात, अक्कलकुव्यात बसूनच सोडवावा लागेल.

एका आरोग्य शिबिरात मी हा खेळ जवळून पाहिला. शिबिर कोणाचं ते सोडा. धडगावकडच्या एका शाळेच्या वर्गात श्वास मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलेलं. साठीच्या आसपासची पावरा बाई, नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. मुंबईहून आलेला तंत्रज्ञ पोरगा आधी मराठीत आणि मग हिंदीत ओरडतोय, ‘जोरात फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ बाई नळी चोखतेय. शेवटी आशाताई पुढे झाली. तिने पावरीत एवढंच सांगितलं की हिला फुंकणी समज, विस्तव विझायला आलाय. बाईने अशी फुंक मारली की पोरगा बघतच राहिला. आलेख मात्र खाली गेला तो गेलाच. यंत्राने आधी विचारलं होतं, वंश कोणता? गोरे, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई, इतर. पोराने ‘इतर’ दाबलं. २०१२ ची जी जागतिक समीकरणं या यंत्रांत बसवली आहेत त्यांत अख्ख्या भारतीय उपखंडाची सोय ‘इतर’मध्येच आहे. पुढे फॉर्म. विड्या? नाही. सिगारेट? नाही. पॅक-वर्षं शून्य. चुलीसाठी रकाना नव्हता. तिला एक पंप लिहून दिला गेला, जो तिच्या गावापासून सर्वात जवळ शहाद्यात मिळतो.

पंप संपल्यावर ती काय करील ते सांगायला ज्योतिषी नको. बाजाराच्या दिवशी बोगस डॉक्टरकडे जाईल, डेरी-डेक्झाचं (डेरिफिलिन आणि डेक्सामेथासोन) इंजेक्शन घेईल, दोन दिवस बरं वाटेल, पुन्हा जाईल.

चुलीचंच घेऊन बसू नका. हंगामात नंदुरबार शहराबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर जाऊन या. लाल गालिच्याचे फोटो काढायला छायाचित्रकारांची रीघ लागते. त्याच गालिच्यावर तोंडाला ओढणी गुंडाळून बायका दिवसभर मिरची उलटतात, खुडतात, आणि ठसक्याने वाकतात. त्यांच्या छातीचा आलेख कोणी काढून ठेवलाय? फोटो शेकड्याने सापडतील.

ऑक्सिजनची गोष्ट तर फारच बोचते. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत देश प्राणवायूसाठी तडफडत होता तेव्हा नंदुरबारचं नाव दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांवर झळकलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः एमबीबीएस, आमच्याच भिल्ल समाजातले. त्यांनी लाट यायच्या आधीच हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्रकल्प उभे केले होते. वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. पण रक्तातला ऑक्सिजन फार उतरलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला तो घरी, दिवसाचे किमान पंधरा तास लागतो. लाट ओसरल्यावरही लागतो. हे सिद्ध करणाऱ्या चाचण्या दोन. एक अमेरिकेतली १९८० ची, २०३ रुग्णांची. दुसरी ब्रिटनमधली १९८१ ची, ८७ रुग्णांची. घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राला अखंड वीज लागते. सातपुड्यातल्या पाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. जिथे रुग्णाला अजूनही बांबूच्या झोळीतून खाली आणतात तिथे यंत्र कसं चालवायचं, सौरऊर्जेवर चालेल का, पंधराऐवजी दहा तास मिळाले तर किती फायदा उरेल? हे खरे संशोधनाचे प्रश्न आहेत. बिनपैशाचे आहेत म्हणून बेवारस आहेत.

इथे पुण्या-मुंबईची सज्जन मंडळी हमखास हात वर करतात. ‘आदिवासींवर औषधांचे प्रयोग? नको रे बाबा, गिनीपिग करतील त्यांना.’ या भीतीला पाया आहे, मी तो नाकारत नाही. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि कितीतरी संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने सही ठोकली होती. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. वडोदरा आमच्यापासून दूर नाही, आणि आश्रमशाळा आमच्याकडेही गावोगाव आहेत. पण त्या प्रकरणातून काय शिकलो? संमती नीट घ्या, नुकसान झालं तर भरपाई द्या, असं म्हणायला हवं होतं. २०१९ च्या नव्या नियमांत ते लिहिलंही आहे. आपण सोपा मार्ग धरला. तिकडे जाऊच नका. यात आदिवासीचं रक्षण कसलं? त्याला तेच औषध मिळतं, फक्त त्याच्यावर ते कसं वागतं हे न पाहता. प्रयोग होतोच. नोंद तेवढी होत नाही.

नोंद झाली की काय होतं याचा दाखलाही घरचाच आहे. सिकलसेलसाठी डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्य घातलं, आदिवासी पाड्यांवर रक्त तपासत फिरले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज भिल्ल-पावरा घरात लग्न जमवताना सिकलसेलचं कार्ड मागितलं जातं ते अशा कामामुळे. चुलीच्या धुराबाबतही असं झालंय: तमिळनाडूत, ग्वाटेमालात, पेरूत आणि रवांडात मिळून ३,२०० घरांत गरोदर बायकांना दीड वर्ष मोफत गॅस देऊन एक चाचणी झाली. धूर कमी झाला, बाळांचं वजन मात्र अपेक्षेइतकं वाढलं नाही, आणि २०२२ मध्ये ते जसंच्या तसं छापलं गेलं. उत्तर मनासारखं आलं नाही, पण आलं. आमच्याकडे उज्ज्वला योजनेचं सिलिंडर कोपऱ्यात साडी पांघरून बसलंय, आणि त्यावर कोणाला प्रश्नसुद्धा पडलेला नाही.

२०२० पासून नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दरवर्षी शंभर पोरं डॉक्टर व्हायला येतात. त्यांना हातात यंत्र द्या आणि सहाही तालुक्यांत पाठवा. चूल, मिरची, टीबी, गुजरातेतली ऊसतोड, सगळ्याचे रकाने फॉर्मवर घाला. संमती पावरीत, मावचीत, भिलोरीत तोंडी समजावून घ्या आणि तिचं चित्रीकरण ठेवा. औषध लागू पडलं तर चाचणी संपल्यावरही ते त्या बाईला मिळत राहील अशी लेखी अट घाला, आणि निकाल आधी गावच्या ग्रामसभेत सांगा, मग लंडनच्या मासिकाला. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी यायचं असेल तर या अटींवर यावं, स्वागत आहे. आणि फुप्फुसरोगाच्या परिषदांना जाणाऱ्या तज्ज्ञांना एक विनंती: पुढच्या वेळी कोणी पडद्यावर नवं औषध दाखवलं, की उभं राहून विचारा, यात न ओढणारे किती होते? उत्तर ‘शून्य’ आलं, तर ते औषध आमच्या आजीसाठी सिद्ध झालंय असं कृपा करून म्हणू नका.