पाहुण्यांच्या घरचे जेवण

चार मित्रांना सहकुटुंब घरी जेवावयास बोलावणे ही मध्यमवर्गीय मराठी घरातील एके काळची सहज गोष्ट आज एक लहानसे कार्य होऊन बसली आहे. तारीख पंधरा दिवस आधी ठरते, आदल्या दिवशी बाजार होतो, आणि दोन भाज्या, कोशिंबीर, काहीतरी तळलेले, एक गोड पदार्थ व मसालेभात एवढे झाल्यावाचून पानाला शोभा येत नाही, अशी घरच्यांची समजूत असते. मंडळी जमतात, गप्पा रंगतात, आणि त्या रंगलेल्या गप्पांतला एकही शब्द ज्या व्यक्तीच्या कानी पडत नाही ती घरची गृहिणी असते. ती आत गरम पोळ्या करीत असते. शेवटी ती जेवावयास बसते तेव्हा पाहुणे बडीशेप चघळीत चपला शोधत असतात. 'वहिनी, फार उत्तम झाले होते हो सगळे' हे वाक्य तिला उंबरठ्यावर ऐकावयास मिळते. तिच्या दिवसभराच्या श्रमांचा मोबदला एवढाच.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला आहे. लोक बोलावीनासे झाले आहेत. ज्यांना परवडते ते हॉटेलात भेटतात आणि बिल कोणी द्यावे यावरून लटके भांडतात. ज्यांना परवडत नाही ते भेटतच नाहीत. एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर वीस वर्षे बसलेल्या दोन कारकुनांनी एकमेकांचे घर पाहिलेले नाही, ही गोष्ट आता कोणाला विशेष वाटत नाही. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडले जातात, पण ती ओळख शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. यजमानाने जागा द्यावी, भात-वरण करावे, आणि येणाऱ्या प्रत्येक घराने एकेक पदार्थ घेऊन यावे. अमेरिकेत वसलेल्या मराठी कुटुंबांत ही पद्धत 'पॉटलक' या नावाने पुरती रुळलेली आहे. या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ मात्र निराळा होता. अवचित आलेल्या पाहुण्याने त्या दिवशी घरच्या भांड्यात जे शिजले असेल ते नशिबाचे म्हणून खावे, असा तो अर्थ. म्हणजे आपण ज्याला 'मीठभाकर खाऊन जा' म्हणतो तेच. प्रत्येकाने आपला पदार्थ आणावा हा अर्थ त्याला पुढे अमेरिकेत चिकटला.

ही कल्पना परदेशी आहे, असे मानून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. शाळेतली अंगतपंगत ज्याने अनुभवली नाही असा मराठी माणूस विरळाच. भोंडल्यात तर या रीतीला खेळाचे रूप आले आहे. मुली आपापल्या घरून झाकलेल्या डब्यातून खिरापत आणतात, आणि ती ओळखल्याखेरीज कोणाला मिळत नाही. गोड की तिखट, ओली की कोरडी, अशा प्रश्नांनी डबेवालीला भंडावून सोडले जाते. साधी वाटली डाळ किंवा गुळपापडी असली तरी ती न ओळखता आल्याचा आनंद आणणाऱ्या मुलीला असा होतो की पदार्थ किती खर्चाचा होता हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

त्याहून खोल आहे तो गोपाळकाला. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरनजीक गोपाळपुरी काला होतो आणि वारीची सांगता होते. काल्याची मूळ कथा सर्वांस ठाऊक आहे: गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी आणली आणि कृष्णाने ती एकत्र कालवून सर्वांना वाटली. अंगतपंगतीत आणि काल्यात एक भेद आहे. अंगतपंगतीत माझा डबा माझाच राहतो. त्यातले थोडे मी तुला देतो, तुझे थोडे घेतो. काल्यात पोहे कोणाचे, लाह्या कोणाच्या आणि दही कोणाच्या घरचे हे ओळखण्याची सोयच उरत नाही. श्रीमंताघरचे आणि गरिबाघरचे असा भेद त्या पातेल्यात टिकत नाही. मित्रमंडळींच्या भोजनात इतके साधेल असे नव्हे. पण त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे हे काला सांगतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो यजमानाच्या अभिमानाचा. 'काय घेऊन येऊ?' असे कोणी विचारले की 'छे, छे, तुम्ही फक्त या' हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. पाहुण्याला पदार्थ आणावयास सांगणे म्हणजे घरात काही कमी आहे याची कबुली देणे, असे वाटते. या संकोचात जुन्या आतिथ्यधर्माचा अंश आहे हे मान्य. पण अहंकाराचाही अंश थोडा नाही. ज्याच्याकडे भरगच्च जेवलो त्याला परत तितक्याच थाटात बोलावले पाहिजे, हे ओझे घेऊनच पाहुणा घरी जातो. दोन खोल्यांत राहणारा, हप्ते फेडणारा माणूस म्हणूनच पहिले बोलावणेही टाळतो. त्याला भूक नसते असे नाही. परतफेडीची ऐपत नसते. त्याच्या हाती मटकीच्या उसळीचे पातेले दिले, की तो त्या पंगतीचा बरोबरीचा धनी होतो. (जेवण आटोपल्यावर 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची आपली रीत आहे. येथे अन्नदाता नेमका कोण, हा पेच पडेल. पण तो पडलेला बरा.)

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. एका घरच्या स्त्रीचे श्रम पाच घरच्या स्त्रियांत वाटले गेले, एवढ्यावरच समाधान मानावयाचे काय? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडतात, पुरुषांची ८८. शिवाय असे काम मुळात करणारे पुरुष शंभरातले जेमतेम सत्तावीस. अशा मंडळींच्या भोजनाची यादी पाहावी. बायकांच्या नावांपुढे भरली वांगी, अळूवडी, पुरणपोळी. पुरुषांच्या वाट्याला बर्फ, शीतपेये, पानविडे आणि सतरंज्या. म्हणजे एकाने विकत आणावयाचे आणि दुसरीने रांधावयाचे, हा घरातला करार जसाच्या तसा मित्राच्या दिवाणखान्यात नेला जातो. डब्यासोबत तो कोणी शिजवला याचेही उत्तर आले पाहिजे. ज्याला चार दाण्यांची खिचडी साधत नाही त्याने काकडी चोचवावी, दाण्याचे कूट करावे. पण आपल्या हातचे काही आणावे. ती कोशिंबीर खारट झाली तर होऊ द्यावी.

आणि तिसरी गोष्ट, जी सहसा बोलली जात नाही. आपल्या समाजात दुसऱ्याच्या चुलीवरचे अन्न हा कधीच केवळ चवीचा विषय नव्हता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा स्थापिली, तेव्हा सभासदाने ख्रिस्त्याने केलेला पाव खाणे ही तिची दीक्षा होती. ते सर्व गुप्तपणे चाले, आणि सभासदांची नावे फुटल्यावर १८६० च्या सुमारास सभा मोडली. पावाच्या तुकड्याला तेव्हाचे सुशिक्षित एवढे भीत होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासह शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली, काहींनी चहा घेतला, आणि ते चहाचे पेले ग्रामण्यापर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेले. पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकरीचे सत्यनारायण घातले. पूजेला दलित दांपत्य बसावयाचे आणि प्रसाद म्हणून सर्वांनी झुणकाभाकर खावयाची, ही त्यांची योजना होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात स्पष्ट केले की निव्वळ सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय. ते खरेच होते. सहभोजने झाली, छायाचित्रे निघाली, आणि मंडळी आपापल्या चुलींकडे परतली.

म्हणूनच डब्यांच्या या पंगतीला जाहीर सहभोजनाहून निराळे मोल आहे. तेथे एका जागी शिजलेले अन्न सर्वजण शेजारी बसून खात; येथे दुसऱ्याच्या घरी, त्याच्या भांड्यात, त्याच्या घरच्या हाताने शिजलेले आपल्या ताटात येते. अस्पृश्यता कायद्याने १९५० सालीच गेली. पण टेबलावर मांडलेल्या आठ पातेल्यांपैकी एक पातेले रात्री अकरा वाजताही काठोकाठ भरलेले असते. ते कोणाचे, हे सर्वांना ठाऊक असते. कोणी काही बोललेले नसते. 'आज पोट जरा बरे नाही', 'तिखट सोसत नाही', एवढीच कुजबूज झालेली असते. ज्या बाईने ते पहाटे उठून केले ती ते परत नेते, आणि पुढच्या वेळी ती बाजारातून आणलेले पाकीटबंद फरसाण घेऊन येते. अथवा येत नाही. शाकाहाराचे निमित्त अशा वेळी मोठे उपयोगी पडते. ज्याला मासमटण वर्ज्य आहे त्याने ते खाऊ नये, त्याच्यासाठी वेगळा डाव आणि वेगळी बाजू ठेवावी, यात काहीच गैर नाही. पण 'सर्वांच्या सोयीसाठी शाकाहारीच आणा' असे फर्मान निघते तेव्हा सर्वांमध्ये कोण धरले आणि कोण वगळले, हे तपासून पाहिले पाहिजे. कोळंबीचे कालवण ज्यांच्या घरची सणाची गोष्ट आहे त्यांनी नेहमी बटाट्याची भाजीच आणावी, ही सोय एकतर्फी आहे. आणि त्यांच्या घरची साधी आमटीही तशीच राहिली, तर मग मासळीचे निमित्तही उरत नाही. यजमानाचे खरे काम येथे आहे: प्रत्येक पातेल्यातले पहिले वाढून त्याने स्वतः घ्यावे, आणि तेही सर्वांदेखत.

बाकी तपशील किरकोळ आहेत. कोणी काय आणावयाचे ते आधी ठरवावे, नाहीतर तीन घरांतून शेवयांची खीर येते आणि पोळ्या कोणीच आणीत नाही. पावसाळ्यात दुधाचे व ओल्या नारळाचे पदार्थ दूरच्या प्रवासाला काढू नयेत. पदार्थांची शर्यत लावू नये. एकीने पनीर केले म्हणून दुसरीने दोन पक्वान्ने करावी, हे सुरू झाले की वर सांगितलेले सारे ओझे पुन्हा माघारी येते. नोकरीवरून थेट येणाऱ्याने केळ्यांचा घड आणला तर तोही पदार्थच समजावा. भांडी घासण्याचा प्रश्न पाहुणे निघण्यापूर्वी सोडवावा आणि त्यात पुरुषांनी हात ओले करावे. स्टीलच्या भांड्यांवर नावे घालून घेण्याची आपली जुनी पद्धत येथे कामी येते. कोणाच्या लग्नातली तारीख, कोणाच्या आजीचे नाव घातलेली दोनचार पातेली तरीही मागे राहतातच, आणि रिकामे भांडे परत करू नये हा संकेत अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. तेव्हा ती पातेली आठवड्याभराने कशाने भरून जावयाची, हे त्या घरात कोणी तरी ठरवावयास हवे.