गाठ गेली, पण घास अडला



आमच्या शेजारच्या ताई चार घरी स्वयंपाकाला जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी काही महिने अंगावर काढले. शेवटी शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची नाही असा अहवाल आला आणि संकट टळले असे आम्हां सर्वांना वाटले.

परवा वस्तीत नामकरणाचा कार्यक्रम होता. ताई काही केल्या पंगतीला बसेनात. आम्ही खोदून विचारले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "खायला लागले की हा गाल लाल होतो, घामाने भिजतो. भाजीची चव पाहतानाही तेच. मालकीणबाई विचारतात, काही लागण तर नाही ना? एक घर सुटलेसुद्धा."

आम्ही त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तेथे जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

गालगुंडात सुजते ती कानापुढची लाळग्रंथी. डोळा, गाल, ओठ हलवणारी चेहऱ्याची नस या ग्रंथीतूनच जाते. डॉक्टर ती जपून गाठ काढतात, तरीही नसेला ताण बसतो. त्यामुळे काहींचा ओठ वाकडा होतो, डोळा पूर्ण मिटत नाही. नस शाबूत असेल तर हे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. तोपर्यंत डोळा कोरडा पडू देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि मलम नियमाने घालावे.

कानाची पाळी पुष्कळदा बधिर होते. कुडी घालताना जपावे, कारण टोचले तरी कळत नाही. काहींच्या जखमेतून जेवताना पाण्यासारखी लाळ पाझरते. घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवावे. दाब देणाऱ्या पट्टीने ती बहुधा थांबते. एक ग्रंथी काढली म्हणून तोंड सहसा कोरडे पडत नाही. बाकीच्या ग्रंथी लाळ पुरवतात. मात्र नंतर किरणोपचार घ्यावे लागले तर कोरडेपणा येऊ शकतो.

आता ताईंचा घाम. लाळग्रंथीला हुकूम देणारे बारीक तंतू शस्त्रक्रियेत तुटतात. पुन्हा वाढताना ते वाट चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. मग घास तोंडात गेला की लाळेऐवजी गालावर घाम फुटतो. हा त्रास शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी सुरू होतो. पोलंडच्या एका महिला डॉक्टरांनी, डॉ. फ्रे यांनी, १९२३ साली याचे सविस्तर वर्णन केले; त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. ही लागण नव्हे आणि कर्करोगाची खूणही नव्हे. घाम रोखणारे मलम मिळते. त्रास फार असेल तर इंजेक्शन देतात; त्याचा गुण काही महिने टिकतो.

ताईंनी डॉक्टरांकडून 'हा आजार संसर्गजन्य नाही' अशी चिठ्ठी लिहून घेतली आणि मालकीणबाईंना दाखवली. सुटलेले घर परत मिळाले नाही, पण उरलेली तीन टिकली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका; काही गाठी वर्षानुवर्षे राहिल्या तर बिघडतात. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा : नसेला धोका किती? नंतर काय त्रास होईल? तो किती दिवस राहील? पुन्हा दाखवायला केव्हा यायचे? शस्त्रक्रियेनंतर सूज झपाट्याने वाढली, ताप आला, पू दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुढे त्याच जागी नवी गाठ लागली तरी चालढकल करू नका.

आणि पंगतीत कुणाचा गाल ओला दिसला तर टक लावून पाहू नका. ताटात भाजी वाढा. गेल्या रविवारी ताई आमच्याच शेजारी जेवायला बसल्या. मांडीवर रुमाल होता. दोनदा गाल पुसला आणि भाकरी मागून घेतली.